सोमवारी अजिंठा बंद असतो

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरातल्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख एखाद वेळी आठवायची नाही, पण हे दोन वार तो झोपेतही बिनचूक सांगेल. सोमवारी पहाटे देवगिरी एक्स्प्रेसमधून डोळे चोळत उतरलेल्या पाहुण्याला स्टेशनबाहेरचा रिक्षावाला, हॉटेलच्या काउंटरवरचा पोरगा आणि घरचा मेहुणा असे तिघंही, आपसात काही न ठरवता, एकच सल्ला देतात: आज वेरूळ उरकून घ्या, अजिंठा उद्या. सल्ला साधा आहे, पण शिफारस नावाच्या कलेचा सगळा गाभा त्यात आला. सांगणाऱ्याला माल ठाऊक आहे, गिऱ्हाईक कुठल्या वारी आलंय ते ठाऊक आहे आणि दोघांची गाठ केव्हा पडायची नाही हेही ठाऊक आहे. आता हाच मेहुणा रात्री जेवणं झाल्यावर विचारतो, "ती सिरीज पाहिली का दाजी, ती गाजलेली?" दाजी नाही म्हणतात. त्यावर मेहुण्याच्या चेहऱ्यावर जी करुणा दाटते, ती एरवी दहाव्याला आलेल्या माणसांच्याच चेहऱ्यावर दिसते. "नाही पाहिली? मग पाहिलं तरी काय तुम्ही? आज रात्रीच सुरू करा. चारही सीझन." सकाळी ज्यानं वार बघून लेणी सुचवली, त्यानंच रात्री दाजींची झोप, पाठदुखी आणि परतीची गाडी यांपैकी कशाचीही विचारपूस न करता तीसेक तासांचं काम त्यांच्या गळ्यात घातलं. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक सिनेमाला, नाटकाला, गाण्याला आणि पॉडकास्टलाही आपापला सोमवार असतो. तो सांगितल्याशिवाय केलेली शिफारस म्हणजे पाहुण्याला बंद फाटकासमोर नेऊन उतरवणं.

लेण्यांची शिफारस कशी होते ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. वेरूळला 34 लेणी. पहिली 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन, आणि ही शेवटची बाकीच्यांपासून इतकी लांब की पायी जाणाऱ्याच्या श्रद्धेची आपोआप परीक्षा होते. "सगळी बघा" असं जाणता गाइड कधी म्हणत नाही. तो आधी तुमच्या पायांकडे बघतो. चप्पल कसली आहे, सोबत आजी आहेत का, कडेवर पोर आहे का, गाडी किती वाजता आहे, हे विचारून झालं की 34 मधून तो चार काढतो: दहावं, सोळावं, बत्तिसावं आणि दम उरला तर बारावं, कारण ते तीन मजली आहे आणि त्याचे जिने आपल्या गुडघ्यांचा विचार करून खोदलेले नाहीत. सोळावं म्हणजे कैलास. राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलेलं देऊळ. तिथंही तो "अप्रतिम आहे" एवढ्यावर भागवत नाही, कुठं उभं राहायचं आणि ऊन कुठल्या बाजूला असेल तेही सांगतो. अजिंठ्याला फर्दापूरच्या टी-पॉइंटवर आपली गाडी सोडून दुसऱ्या बसनं जावं लागतं, आणि पहिल्या लेण्यात शिरल्यावर मिनिटभर गप्प उभं राहून डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. एवढी एक सूचना मिळाली नाही तर माणूस दीड हजार वर्षांपूर्वीच्या पद्मपाणीच्या चित्रासमोरून "काही दिसत नाही बुवा" म्हणत बाहेर पडतो. नान-खलियाचीही तीच कथा. चांगला कुठं मिळेल असं विचारा, गावातला कुठलाही खवय्या उत्तराआधी प्रश्न टाकतो: मटण चालतं ना? तिखट सोसतं ना? आज वार कोणता, उपास-बिपास नाही ना? दोन नान आणि वाडगाभर रश्श्यासाठी आपण एवढी चौकशी करतो.

सिनेमाची गोष्ट निघाली की मात्र चौकशी संपते आणि आज्ञार्थ सुरू होतो. "बघ" हा शब्द पुरेसा असताना शिफारस करणारा "बघच" म्हणतो. त्या "च"मध्ये पंगतीतला वाढपी दडलेला असतो, ताटावर आडव्या धरलेल्या हाताच्या बोटांमधल्या फटीतून जिलबी सोडणारा. पंगतीतून निदान अर्ध्या तासात उठता येतं. हा आग्रह पुढच्या भेटीपर्यंत चालतो. समजा तो शेजारी बसूनच सिनेमा दाखवायला लागला, तर त्याच्याकडे नीट बघावं. तो पडद्याकडे बघत नसतो, तुमच्याकडे बघत असतो. विनोद यायच्या चार सेकंद आधी त्याच्या ओठांचे कोपरे हलायला लागतात. "आता बघ, आता बघ" म्हणत तो तुमच्या मांडीवर थाप मारतो, त्या थापेत विनोद वाहून जातो, मग रिमोट घेऊन दहा सेकंद मागे आणि पुन्हा थाप. गाणं असेल तर इअरफोनचं एक टोक तुमच्या कानात, दुसरं त्याच्या. आलाप चालू असताना त्याची भुवई तुमच्या भुवईची वाट बघत असते. तुम्ही "वा" म्हटलंत तर जरा लवकर म्हटलंत, आणि नाही म्हटलंत तर तुम्हाला कान नाहीत. परीक्षा असते त्याच्या आवडीची, पेपर मात्र तुम्ही लिहायचा. या जातीच्या शिफारशीचा लेखी पुरावा अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आहे. 1819 च्या एप्रिलमध्ये शिकारीच्या निमित्तानं आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि त्यानं आत जाऊन सर्वात आधी काय केलं, तर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. "बघच" म्हणणारे आपण सगळे त्याचे वारसदार आहोत. सिनेमा चांगला आहे हे सांगण्यापेक्षा तो आपण आधी पाहिलाय हे कोरून ठेवण्याची घाई मोठी असते.

शिफारशीची भाषा आणि लग्नाच्या स्थळांची भाषा या मावसबहिणी आहेत. "मुलगा मनानं फार चांगला आहे" असं कानावर आलं की मुलीकडचे लगेच पगार विचारतात; तसं "फोटोग्राफी फार सुंदर आहे" असं कानावर आलं की कथेची चौकशी करावी. "जरा वेगळा आहे" म्हणजे सांगणाऱ्यालाही कळलेला नाही. "शेवट चुकवू नको" म्हणजे आधीचे दोन तास चुकले तरी चालतील. "विचार करायला लावतो" हे तर अगदी खरं असतं, फक्त कशाचा विचार ते सांगत नाहीत, बहुधा पार्किंगचा. आणि "पहिले तीन भाग सहन कर, चौथ्यापासून पकड घेते" हे वाक्य म्हणजे शिफारस आहे की सोबत करायची शिक्षा, हे ठरवणं अवघड आहे. पन्नास मिनिटांचे तीन भाग म्हणजे अडीच तास. तेवढ्या वेळात क्रांती चौकातून निघून तीस किलोमीटरवरचं वेरूळ गाठता येतं, कैलास पाहून होतं, आणि कैलास पहिल्या मिनिटापासून पकड घेतं. दोन भाषांत एक फरक मात्र आहे. स्थळ सुचवणाऱ्याला, लग्न फसलं तर, प्रत्येक मुंजी-बारशाला ऐकून घ्यावं लागतं, म्हणून तो दोन्ही घरं पारखून तोंड उघडतो. सिनेमा सुचवणाऱ्याला ही भीती नाही. तुम्हाला आवडला नाही तर दोषही तुमचाच: "मोबाइल बघत बघत पाहिला असशील."

कुणी म्हणेल, अहो, आवडलेली गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगावीशी वाटणं हे निर्मळ प्रेम आहे, त्याला कसले नियम लावता? प्रेमाबद्दल शंका नाही. पण निर्मळ उत्साहानं केलेल्या शिफारशीचं जगातलं सर्वात भव्य उदाहरण या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर उभं आहे. मुहंमद तुघलकाला देवगिरी मनापासून आवडली. एवढी आवडली, की 1327 च्या सुमारास त्यानं तिचं नाव दौलताबाद ठेवून राजधानी इकडे हलवली आणि दिल्लीकरांना सांगितलं, चलाच. बघच मधला आणि चलाच मधला "च" एकच. माणूस नियोजनात कच्चा नव्हता. हजार किलोमीटरांहून लांबच्या त्या वाटेवर त्यानं सावलीची, मुक्कामाची सोय केली होती असं म्हणतात. किल्ला तर खरोखरच अजोड, त्याबद्दल आजही कुणाचं दुमत नाही. फक्त ज्यांना न्यायचं त्यांना काय हवं आहे, हा एक प्रश्न विचारायचा राहिला. पुढं काही वर्षांत सुलतानाला लोकांना परत जायची मुभा द्यावी लागली आणि बिचाऱ्याचं नाव मराठीत अविचारी फर्मानाला पर्यायी शब्द म्हणून उरलं. माल उत्तम असणं आणि शिफारस उत्तम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटायला याहून मोठा किल्ला कुठून आणायचा?

इतिहास वाचलेला माणूस इथं मला अडवेल आणि त्याचं अडवणं रास्त असेल. त्या फसलेल्या स्थलांतरातून पुष्कळ चांगलं निपजलं. दिल्लीकडून आलेल्या सूफींनी, कवींनी, सैनिकांनी इथं मूळ धरलं, त्यांच्या बोलीत इथलं पाणी मिसळून दखनी बहरली, आणि पुढं याच शहरात वली आणि सिराज औरंगाबादी यांच्यासारखे शायर झाले. सिराजची वेड्या प्रेमाच्या वार्तेची ती गझल आबिदा परवीन यांच्या आवाजात जगभर ऐकली जाते, आणि ती लिहिणारा आपल्याच गल्लीबोळांतला, हे गुलमंडीवर कपडे घेणाऱ्या शंभरातल्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. ही गझल ऐकाच असं मी म्हणणार नाही. ऐकायची असेल तर रात्री, घर झोपल्यावर, आणि शब्द आधी एकदा वाचून. सकाळी डब्याची घाई चालू असताना लावलीत तर तुम्हाला वैराग्य येईल आणि पोळी करपेल. आता आक्षेपाला उत्तर: लादलेल्या शिफारशीलाही फळ येतं, मान्य, पण तुघलकापासून सिराजपर्यंत चारशे वर्षं लागली. मल्टिप्लेक्समधल्या मराठी सिनेमाला बहुधा एकच आठवडा मिळतो, तोही दुपारी साडेबाराच्या खेळाला. त्याला एवढी वाट पाहणं परवडणारं नाही.

तुघलकाच्या नेमकं उलट टोक पन्नास किलोमीटरवर, पैठणला सापडतं. सोळाव्या शतकातल्या एकनाथांना आयुष्यभर एकाच गोष्टीची शिफारस करायची होती, ती म्हणजे भक्तीची. उत्साह सुलतानापेक्षा कमी नव्हता. पण नाथांनी फर्मान काढलं नाही, भारूड लिहिलं. कधी वासुदेव होऊन, कधी जोशी होऊन, कधी गोंधळी होऊन, ज्याला जी बोली कळते तिच्यात ते बोलले. विंचू चावलेल्याला विंचवाची गोष्ट सांगितली. सासुरवाशिणीला सासूची सांगितली, आणि तेवढ्यात तिला दोन घटका हसूनही घेऊ दिलं. शिफारस एकाचीच, पण प्रत्येक दारात वेष निराळा. म्हणूनच ती साडेचारशे वर्षं टिकली. याच जिल्ह्यातल्या सिल्लोड तालुक्याचे निरंजन भाकरे यांनी भारूड गावोगाव नेलं, त्यांच्या सादरीकरणाच्या चित्रफिती आजही मिळतात. जरूर बघाव्या, पण त्यांचा सोमवार लक्षात ठेवून. भारूड इअरफोन घालून एकट्यानं ऐकायची वस्तू नाही. चार माणसं जमवा, आवाज मोठा करा, टाळी वाजवायला लाजणाऱ्याला मागच्या रांगेत बसवा. एकट्यानं ऐकलेलं भारूड हे एकट्यानं खेळलेल्या होळीसारखं असतं.

आता हल्लीचा आक्षेप. माणसांच्या शिफारशी हव्यातच कशाला? अल्गोरिदम आहे की. त्याला तुमचा सगळा इतिहास पाठ, आणि तो मांडीवर थापही मारत नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, जोवर आपण मराठी घरातलं एक खातं उघडून बघत नाही तोवर. एका खात्यावर आजोबांचं कीर्तन, सूनबाईंची कोरियन मालिका, मुलाच्या खुनाच्या सिरीज आणि नातवाचं बोलणारं रेल्वे इंजिन, असा चौघांचा संसार नांदत असतो. अल्गोरिदमच्या लेखी तिथं एकच माणूस राहतो: वय ऐंशी किंवा चार, मन विरक्त, ओढा कोरियाकडे, हाताला रक्त. अशा माणसाला तो काय सुचवणार? शिवाय त्याला मिनिटं मोजता येतात, डुलक्या मोजता येत नाहीत. टीव्ही चालू ठेवून झोपलेले आजोबा हे त्याच्या वहीत सर्वात निष्ठावान प्रेक्षक. जे पाहिलं त्याच्यासारखंच आणखी दाखवणं हा त्याचा एकमेव उपाय, म्हणजे एकदा नान-खलिया खाल्लेल्या माणसाला मरेपर्यंत नान-खलिया. आणि मुख्य म्हणजे त्याला बोलणी खावी लागत नाहीत. वाईट सिनेमा सुचवणाऱ्या मित्राला आपण पुढच्या चहाचे पैसे द्यायला लावू शकतो. अल्गोरिदमला कुठल्या टपरीवर गाठायचं?

यापेक्षा वजनदार आक्षेप रसिकांकडून येतो. थोर कलाकृती सगळ्यांसाठीच असते, तिला वार-बिर लावणं हा तिचा अपमान, आणि शिफारस करताना खोट सांगितली तर बघणार कोण? याला उत्तर खुद्द अजिंठ्यानं दिलेलं आहे. ती लेणी जगातल्या प्रत्येकानं पाहावीत अशीच आहेत आणि तरी सोमवारी बंद असतात. त्यानं त्यांचा अपमान झाल्याचं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून शिफारस करावी ती अशी. जब्बार पटेल यांचा 1979 चा 'सिंहासन': अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, निळू फुले यांचा पत्रकार दिगू. कृष्णधवल आहे आणि माणसं इतकी, की पहिला अर्धा तास कोण कुणाच्या गटात हे लागत नाही; पण आपल्याला वर्तमानपत्र वाचतानाही ते कुठं लागतं? निवडणुकीच्या निकालादिवशी मात्र पाहू नये, मध्येच चॅनल बदललं तर कळणार नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' विरंगुळा म्हणून सुचवणं हा गुन्हा समजावा. त्यातला शेवटचा दगड प्रेक्षकाच्या दिशेनं येतो, आणि समोसा हातात धरून तो झेलता येत नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', एका शाहिरावरच्या खटल्याचा, दुपारच्या जेवणानंतर पाहू नये, कारण त्यात न्यायालय खऱ्या न्यायालयाच्या वेगानं चालतं. पण ज्यानं कधी तारखेवर तारीख घेतली आहे, त्याला तो विनोदी वाटेल आणि मग आपण हसलो कशाला म्हणून रात्री झोप यायची नाही. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' मराठवाड्यातल्या माणसानं मे महिन्यातच पाहावा. पारा चाळिशीपार गेलेला, कूलरला घालायला पाणी नाही, आणि पडद्यावर कोकणातला पाऊस कोसळतोय. वडील गेलेल्या मुलाची हळवी गोष्ट आहे ती, पण इथला प्रेक्षक दोन कारणांनी रडेल आणि दुसरं कारण पडद्यावरच्या पावसाच्या पन्हळी असतील. बघा, प्रत्येकाची खोट सांगितली. एखाद्यावरचं मन उडालं का? खोट सांगितलेल्या मालाचा भाव उतरत नाही, उलट सांगणाऱ्याची पत वाढते. पैठणी दाखवताना जो दुकानदार आपणहून म्हणतो, "हा रंग तुम्हाला नाही खुलायचा वहिनी," त्याच्याच हातून वहिनी दुसरी पैठणी घेतात.

महोत्सवांना तरी हा नियम कसा लागू होईल, असा प्रश्न इथं येतो, कारण दरवर्षी थंडीत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि त्यात सकाळी इराण, दुपारी पोलंड, रात्री मल्याळम अशी पंगत असते. तिथं प्रत्येकाच्या गुडघ्यांची चौकशी कोण करणार? पण महोत्सवात आपण न विचारता बसतो आणि न सांगता उठू शकतो, हीच त्यातली सभ्यता. अंधारात खुर्च्यांवरून "सॉरी, सॉरी" करत बाहेर पडणाऱ्याला कुणी दुसऱ्या दिवशी गाठून "संपूर्ण पाहिलास का?" असं विचारत नाही. या महोत्सवाचा जीवनगौरव पद्मपाणीच्या नावानं दिला जातो आणि 2025 साली तो सई परांजपे यांना मिळाला, हे मला विशेष समर्पक वाटतं. त्यांच्या 1983 च्या 'कथा'मध्ये ससा-कासवाची शर्यत मुंबईच्या चाळीत खेळली जाते, आणि पळणारा फारुख शेख बघून आपल्याला तो आवडतो, हीच त्यातली मेख. "स्लो आहे का?" हा प्रश्न पहिल्याच वाक्यात विचारणाऱ्या प्रत्येक माणसाला हा सिनेमा सुचवावा. स्लो नाही, असं खुशाल सांगावं. बाकीचं कासव बघून घेईल.

नाटकांच्या बाबतीत हे शहर श्रीमंत आहे, म्हणून तिथं जपून बोलावं लागतं. हे बावन्न दरवाजांचं शहर. इथल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं बावन्न माणसं उभी केली. दरवाजागणिक एक असा हिशेब त्यांनी धरला नसेल, पण शहराला तो आवडतो. त्यांच्या प्रयोगाचं चित्रण मिळतं, पुढं संदीप पाठक यांनी तो एकपात्री वारसा चालवला. हे नाटक कुणाला सुचवू नये? ज्याच्या घरचं लग्न गेल्या आठवड्यात पार पडलं अशा वधुपित्याला. त्याला त्यात विनोद दिसणार नाही, जमाखर्च दिसेल. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी हेही 'जिगीषा' या नाट्यसंस्थेच्या दिवसांत इथंच घडले. त्यांचं 1991 चं 'चारचौघी' 2022 मध्ये नव्या संचात पुन्हा रंगभूमीवर आलं. त्यात फोनवरचा एक दीर्घ प्रवेश आहे, रंगमंचावर एकटी बाई आणि एक रिसीव्हर. त्या वेळात वेफर्सची पिशवी उघडणाऱ्याला नाटक सुचवणाऱ्यानंच बाहेर न्यावं, ती त्याची जबाबदारी. नवऱ्याबरोबर पाहायला काही हरकत नाही, फक्त परतताना रिक्षात त्याला "मग, काय वाटलं?" असं विचारू नये. त्याला घरी पोचू द्यावं.

पॉडकास्ट ही नवी चीज आहे असा आपला समज असतो. चौदाव्या शतकात दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत अमीर हसन सिज्जी नावाचा कवी बसायचा, पीरसाहेब जे बोलले ते तारीखवार टिपून ठेवायचा, आणि 1308 ते 1322 पर्यंतच्या त्या गप्पांचं 'फवाइद-उल-फुआद' हे पुस्तक झालं. तुघलकाच्या त्या प्रसिद्ध शिफारशीच्या लोंढ्यात तो इकडे आला आणि आता खुलताबादेत विसावला आहे. आद्य पॉडकास्ट संपादक आपल्या शेजारी झोपलेला असताना आपण त्याचा मोठा धडा मात्र विसरलो: सगळं ठेवू नये, कामाचं ठेवावं. 'मित्रम्हणे', 'अमुक तमुक', 'व्हायफळ' या मराठी पॉडकास्टमध्ये ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, माणसं मोकळी बोलतात, पण एकेक भाग तासाच्या पुढं जातो. तेव्हा "अमुक पॉडकास्ट ऐकत जा" ही शिफारस म्हणजे "वेरूळ बघ" एवढंच बोलून गाडीतून उतरवणं. खरा मित्र म्हणतो, "हा भाग, सुरुवातीची ओळख सोडून दे, मधली वीस मिनिटं ऐक." वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीच्या बसमध्ये तास काढणाऱ्याला पूर्ण भाग चालेल, सकाळची पाळी असेल तर झोपेतही चालेल. भांडी घासणाऱ्या माणसाला विनोदी भाग सुचवताना घरात काचेची भांडी किती आहेत ते विचारावं.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. एवढ्या चौकश्या करत बसलं, तर शिफारस सिनेमापेक्षा लांबेल. खरं आहे. गाइडही प्रत्येकाची जन्मपत्रिका मांडत नाही, तो पायांकडे बघतो आणि वार विचारतो, बस्स. आपल्यालाही एकच प्रश्न पुरेल, फक्त तो समोरच्याच्या आयुष्याबद्दल हवा, आपल्या आवडीबद्दल नको. आणि या शहरात तो प्रश्न आयता तयार आहे. जायकवाडी धरण भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं असो, इथं नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा कधी मध्यरात्री येतं, कधी पहाटे, आणि त्या वेळी घरातल्या सगळ्यांना मोटार, पिंप, हंडे आणि टाकीचं झाकण यांच्या सेवेत हजर राहावं लागतं. ज्या रात्री पाणी यायचं त्या रात्री कुणाला अडीच तासांचा, शेवट न चुकवण्याजोगा सिनेमा सुचवणारा मित्र नव्हे. त्या रात्रीला गाणी बरी, मध्येच उठता येतं. पाणी येऊन गेलेल्या रात्री, पिंपं भरलेली असताना, माणूस काहीही बघायला तयार असतो, अगदी पोलंडचाही सिनेमा. म्हणून टीव्ही सेंटरच्या चौकात किंवा पैठण गेटच्या चहाच्या गाड्यावर कुणी खांद्यावर हात टाकून विचारलं, "काय बघू रे आज, काहीतरी मस्त सांग," तर घाईनं नाव घेऊ नये. कप खाली ठेवावा आणि आधी विचारावं, "तुमच्याकडं पाणी कधी येणारे?"